लोखंडी नांगर आणि साडेतीन महिन्यांची प्रधानकी

पुण्याहून मिरजेकडे जाणारी जुनी मीटर गेजची आगगाडी सातारच्या मुलखात शिरली, म्हणजे एका सकाळच्या प्रवासात तीन स्थानके अशी लागत, की ज्यांची ख्याती कोणत्याही देवस्थानामुळे किंवा किल्ल्यामुळे झालेली नव्हती. पहिले सातारा रोड. तेथे नांगर आणि इंजिने तयार होत. दुसरे कऱ्हाड. त्याच्या शेजारच्या ओगलेवाडीतून प्रभाकर कंदील घरोघर जाई. तिसरे किर्लोस्करवाडी. तेथील नांगराचे नाव वऱ्हाडापासून कर्नाटकापर्यंतच्या शेतकऱ्याला ठाऊक होते. कोळशाच्या खाणी नाहीत, बंदर नाही, मोठे भांडवल नाही, अशा या कृष्णाकाठच्या कोरड्या माळावर विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तीन कारखाने उभे राहावेत, ही महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातील लहानशी परंतु विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

या तिघांपैकी पहिल्या कारखान्याचा धनी पुढे मुंबई इलाख्याचा पहिला मुख्य प्रधान झाला. त्याचे नाव सर धनजीशा बोमनजी कूपर. एका हाताने यंत्रे घडवावीत आणि दुसऱ्या हाताने राजकारण चालवावे, असा योग आपल्याकडे विरळाच. या दोन्ही हातांनी काय घडविले, आणि त्यातले टिकले काय, हे पाहिले असता एका माणसाच्या चरित्राबरोबर एका जिल्ह्याचे मनही कळू लागते.

प्रथम जिल्ह्याची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. कूपर यांच्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यात मोडत. त्यांच्या अधूनमधून औंध, सांगली, मिरज, जत या संस्थानांचे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे पसरलेले असत. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून कूपर यांच्या वेळचे सातारचे राजकारण म्हणजे आजच्या दोन जिल्ह्यांचे राजकारण होय. महाबळेश्वराच्या पायथ्यापासून वारणाकाठापर्यंतचा शेतकरी त्या एकाच आखाड्यात उतरत असे.

धनजीशा यांचा जन्म १८७८ सालचा. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्या कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडल्या, दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घेतला व तो मक्त्याने देण्याची वहिवाट दृढ केली. या मक्त्यांत पुढे आलेल्या व्यापाऱ्यांत पारशी मंडळी पुष्कळ होती. कूपर हेही त्यांपैकीच. दारूच्या मक्त्याने त्यांच्या हाती पैसा आला. पैशाबरोबर जिल्ह्यातील खेड्याखेड्यांची माहितीही आली. कोणत्या गावचा पाटील कोणाच्या बाजूचा, कोणत्या घरात भाऊबंदकी आहे, कोण कर्जात बुडाला आहे, या गोष्टी मक्तेदाराला मामलेदाराच्या आधी कळत. पुढे राजकारणात त्यांना या ज्ञानाचा केवढा उपयोग झाला असेल, हे सांगावयास नको.

परंतु एक पारशी व्यापारी मराठा शेतकऱ्यांचा पुढारी कसा झाला? त्यासाठी त्या वेळचे वारे पाहिले पाहिजेत. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे लोण १९१० नंतर सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत जोराने पसरले. जलसे झाले, भटजीवाचून लग्ने लागली, आणि १९१९ ते १९२२ या सुमारास तर अनेक गावी कुळे आणि जमीनदार, मराठे आणि ब्राह्मण यांच्यात उघड तंटे माजले. त्याच वेळी १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबईच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा पाठिंबा या चळवळीस होता. १९२२ साली ते वारले, परंतु त्यांच्या तालमीत तयार झालेले भास्करराव जाधव पुढे मुंबई सरकारात मंत्री झाले. ब्राह्मणेतर पक्ष म्हणून जो पक्ष उभा राहिला, त्याच्या नावातच त्याची व्याख्या होती. जो ब्राह्मण नव्हे, त्याला त्यात जागा होती. पारशाला ती मिळण्यास आडकाठी कसली? पक्षाजवळ माणसे होती, उत्साह होता, रागही होता. पैसा आणि कचेरीचे व्यवहार जाणणारा माणूस मात्र नव्हता. कूपर यांनी नेमकी ती उणीव भरून काढली. जिल्हा लोकल बोर्ड त्यांच्या वजनाखाली आले, कायदेमंडळाचे सभासदत्व मिळाले, आणि पुढे मंत्रिपद व गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा इथपर्यंत ते चढत गेले.

येथे एक विसंगती आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या फुल्यांचे नाव हा पक्ष घेत होता, त्यांनीच १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेकडे वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली होती. दारूने गरिबांचे संसार उद्ध्वस्त होतात, हा त्यांचा कळवळा होता. त्यांच्याच शिष्यपरंपरेतील पक्षाचा सातारचा आधारस्तंभ अबकारीचा मक्तेदार असावा, हे पुष्कळांस खटकत असले पाहिजे. तथापि चळवळींना जसा विचार लागतो, तसा खर्चही लागतो. खर्च करणारा माणूस लाभला, म्हणजे त्याच्या तिजोरीत डोकावून पाहण्याचे धैर्य थोड्यांनाच होते.

आता नांगराकडे वळू. आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरतो, परंतु उलटत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. ती लाकडी नांगराला दाद देत नाहीत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे जे वाकडे पान असते, ते मातीची सबंध ढेप उचलून पालथी घालते. तण उन्हात पडून मरते आणि खालची माती वर येते. परदेशी नांगर येत होते, परंतु ते महाग होते, आणि मोडलेला भाग मिळावयास विलायतेकडे डोळे लावून बसावे लागे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याची यंत्रे आणि नांगर यांपर्यंत मजल मारली. बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातील कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. तिच्याशी झगडून नांगर विकावा लागे. कारखान्यात नांगर घडविण्यापेक्षा बांधावर तो पटवून देणे अधिक कठीण होते.

हे पटवून देण्याचे काम करणाऱ्यांत एक उंचापुरा, खणखणीत आवाजाचा तरुण होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवड्याचे, जन्म १८८७ साली कुंभोजचा. किर्लोस्करांचा नांगर घेऊन तो गावोगाव हिंडला. नांगर विकता विकता त्याला आढळून आले की, शेतकऱ्याच्या जमिनीपेक्षा त्याच्या मनावर साचलेले अज्ञानाचे तण अधिक खोल आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्याने रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे कर्मवीर म्हणून सर्व महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, ते हेच भाऊराव.

कूपर आणि भाऊराव यांची गाठ पडली, आणि तिच्यातूनच सातारा रोडच्या कारखान्याचा जन्म झाला. कूपर यांच्याजवळ भांडवल होते व सरकारदरबारी वजन होते. भाऊरावांजवळ नांगराच्या धंद्याचा अनुभव आणि शेतकऱ्यांचा विश्वास होता. १९२२ च्या सुमारास कोरेगाव तालुक्यातील पाडळी येथे, रेल्वे स्थानकाच्या आश्रयाने, ओतकामाची भट्टी पेटली. जागेची निवड विचारपूर्वक होती. ओतीव लोखंडाच्या धंद्यात कच्चे लोखंड, दगडी कोळशाचा कोक आणि तयार माल ही तिन्ही ओझी जड असतात. बैलगाडीने ती वाहून नेल्यास नफा वाटेतच सांडतो. सातारा शहर रेल्वेपासून दूर पडते, म्हणून कारखाना शहरात न काढता रुळाशेजारी काढला. पाडळीच्या भोवतालच्या खेड्यांतील ज्या मुलांच्या बापांनी विळ्या-खुरप्यापलीकडे लोखंड पाहिले नव्हते, ती मुले साचे भरावयास, लेथ चालवावयास आणि वितळलेला रस डावाने ओतावयास शिकली. शेतकऱ्याच्या मुलाला सरकारी नोकरी मिळावी म्हणून ब्राह्मणेतर पक्ष झगडत होता. येथे नोकरीच्या बरोबरीने कसबही मिळू लागले.

या भागीदारीचा शेवट गोड झाला नाही. कारखान्याच्या नफ्याचा काही वाटा बहुजनांच्या शिक्षणास मिळावा, या अपेक्षेने भाऊराव या कामात पडले होते. ती अपेक्षा पुरी झाली नाही आणि दोघांचे मार्ग कायमचे निराळे झाले, असे भाऊरावांचे चरित्रकार लिहितात. भाऊराव त्या जागेवरून जवळजवळ रिकाम्या हातांनी उठले. १९२४ साली त्यांनी आपली संस्था साताऱ्यास आणली व सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारे वसतिगृह चालविले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. धान्य मागून, मुठी जमवून, पत्नीचे दागिने मोडून हे वसतिगृह चालत होते. तिकडे पाडळीची भट्टीही चालू होती. एकाच इच्छेच्या दोन फांद्या झाल्या. एकीला पैशाचे खत मिळाले, दुसरीला त्यागाचे.

परंतु याच्यावरून कूपर यांचा कारखाना म्हणजे निव्वळ नफ्याचे दुकान होते, असे समजणे अन्यायाचे होईल. नांगरावर समाधान मानून बसणारा तो माणूस नव्हता. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सातारा रोडला डिझेल इंजिन तयार होऊ लागले. हिंदुस्थानात घडलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत कूपर इंजिनाची गणना होते. हे धाडस केवढे होते, हे समजण्यासाठी त्या यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. रूडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ साली हे इंजिन यशस्वी करून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. नळकांड्यात हवा भरून दट्ट्याने ती मूळच्या पंधरा-सोळाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबावयाची, म्हणजे दाबाने ती इतकी तापते की, तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. तत्त्व सोपे आहे. परंतु दट्ट्या आणि नळकांडे यांच्यात केसाइतकी फट राहिली तरी हवा निसटते. फवाऱ्याच्या तोंडाचे छिद्र किंचित् मोठे झाले तरी तेल नीट जळत नाही व धूर होतो. नांगर ओतताना सुताची चूक खपते, इंजिन करताना ती खपत नाही. नांगरावरून इंजिनावर जाणे म्हणजे बाराखडीवरून एकदम व्याकरणावर जाणे होय. सातारच्या माळावरच्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या कामगारांनी ते साधले.

आणि या इंजिनाने केले काय? विहिरीवर मोट हाकणारा शेतकरी पहाटेपासून दोन बैलांच्या मागे पुढे-मागे चालत राही. दिवसभर राबून त्याचे थोडेसेच रान भिजे. इंजिनाला बैलाप्रमाणे वैरण लागत नाही, ते उन्हात थकत नाही, आणि काम नसेल तेव्हा खातही नाही. विहिरीवर पंप, उसाला चरक, गावात पिठाची गिरणी, तेलाचा घाणा, ही सर्व कामे एका पट्ट्याने होऊ लागली. वजनदार चाक हाताने फिरवून ते चालू करावे लागे. मग त्याचा पुक्‌पुक् आवाज शिवारात पार लांबवर ऐकू जाई. कृष्णेच्या खोऱ्यात ऊस वाढला, त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत हा आवाजही एक आहे, हे विसरता येत नाही.

इंजिनाच्या धंद्यात अशी प्रगती होत असता राजकारणाचे चाक मात्र दुसऱ्या दिशेला फिरू लागले होते. १९३० च्या कायदेभंगाने सातारा जिल्ह्यातील तरुण ब्राह्मणेतर पक्षाकडून काँग्रेसकडे ओढले गेले. केशवराव जेधे यांच्यासारखे पक्षाचे बिनीचे पुढारी काँग्रेसमध्ये आले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. शेतकऱ्याला आता सरकारकडून जागा मागणारा पुढारी नको होता. सरकारशी झगडणारा पुढारी हवा होता. १९३५ च्या कायद्याप्रमाणे १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. सातारच्या दक्षिण भागात काँग्रेसने वाळवे तालुक्यातील बोरगावचे आत्माराम पाटील हे शेतकरी कार्यकर्ते उभे केले. त्यांच्यासाठी खेडोपाडी पायपीट करणाऱ्यांत देवराष्ट्र्याचा, चोवीस वर्षांचाही पुरता न झालेला, यशवंतराव चव्हाण नावाचा तरुण होता. आत्माराम पाटील निवडून आले. कूपरही स्वतः निवडून आले, परंतु मागे पक्ष म्हणावा असा उरला नव्हता. मुंबईच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ जागा एकट्या काँग्रेसला मिळाल्या.

यानंतर जे घडले, ते आपल्या घटनेच्या इतिहासातील एक चमत्कारिक प्रकरण आहे. नव्या कायद्याने प्रांतांचा कारभार मंत्र्यांच्या हाती आला होता, परंतु गव्हर्नरच्या हाती काही विशेष अधिकार राखून ठेवले होते. ते अधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावाचून अधिकार स्वीकारावयाचा नाही, असे काँग्रेसने ठरविले. मुंबईत बाळासाहेब खेर यांची पक्षनेता म्हणून निवड झाली होती. लॉर्ड ब्रेबोर्न यांनी त्यांना पाचारण केले, आश्वासन मिळाले नाही आणि खेरांनी नकार दिला. कायदा तर १ एप्रिलला अमलात यावयाचा होता. मंत्रिमंडळावाचून त्याचा आरंभ कसा व्हावा? संयुक्त प्रांतात छत्तारीचे नबाब, बिहारात महंमद युनूस, ओरिसात पर्लाकिमिडीचे महाराज, मध्यप्रांतात राघवेंद्रराव, याप्रमाणे अल्पमतातील गृहस्थ शोधून काढण्यात आले. मुंबईत ती माळ सर धनजीशा कूपर यांच्या गळ्यात पडली. जमनादास मेहता, सर सिद्दप्पा कांबळी आदी सहकारी घेऊन त्यांनी १ एप्रिल १९३७ रोजी शपथ घेतली. त्याच दिवशी नव्या घटनेच्या निषेधार्थ काँग्रेसच्या हाकेवरून देशभर हरताळ पाळला गेला. एका बाजूस शपथविधी आणि दुसऱ्या बाजूस बंद दुकाने, अशा मुहूर्तावर ही प्रधानकी सुरू झाली.

कूपर यांनी हे पद का पत्करले असावे? निंदकांनी अर्थातच सत्तेचा लोभ हेच उत्तर दिले. परंतु ज्याने आयुष्यभर सरकारच्या चौकटीत राहूनच कामे करून घेतली, त्याला ती चौकट रिकामी राहणे हाच अनर्थ वाटला असणे शक्य आहे. कारखानदाराला भट्टी विझलेली पाहवत नाही. एकदा विझली, की आतला रस थिजतो आणि सबंध भट्टी फोडावी लागते. राज्यकारभाराकडेही ते त्याच दृष्टीने पाहत असावेत. फरक एवढाच की, भट्टी पेटती ठेवणाऱ्यास मालकाची संमती लागते. लोकशाहीत मालक मतदार, आणि मतदारांनी तर दुसऱ्याला कौल दिला होता.

कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत विधानसभा बोलाविणे भाग होते, आणि ती भरताच हे मंत्रिमंडळ पडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. म्हणून सभा भरविली नाही. लोकप्रतिनिधींचे तोंड न पाहता लोकांच्या नावाने कारभार चालला. २२ जूनला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गव्हर्नरांच्या अधिकारांविषयी खुलासा केला, ७ जुलैला वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने अधिकार स्वीकारण्यास अनुमती दिली, आणि १९ जुलै रोजी खेर मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. कूपर यांची प्रधानकी संपली. अवघे साडेतीन महिने! खेर मंत्रिमंडळाने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी पुकारली. अबकारीच्या मक्त्यापासून आरंभ झालेल्या माणसामागून दारूबंदीचे सरकार यावे, यात काळाचा काही संकेत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

खुर्ची गेली. कारखाना कोठे गेला? १९४० साली कूपर इंजिनिअरिंग वालचंद हिराचंद यांनी घेतली. सोलापूरच्या या साहसी उद्योगपतीची दृष्टी त्या वेळी फार मोठ्या गोष्टींवर होती. जहाजे, विमाने आणि मोटारी, तिन्ही हिंदुस्थानात तयार व्हाव्यात असा त्यांचा ध्यास होता. मोटारीच्या कारखान्याची योजना विश्वेश्वरय्यांनी मांडली होती. खेर मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखविली, परंतु हिंदुस्थान सरकारने आडकाठी घातली. अखेर १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली तिची पहिली मोटार बाहेर पडली. पाडळीच्या ओतशाळेचा मोटारीच्या कारखान्याशी थेट संबंध होता असे नव्हे. परंतु इंजिन आपल्या देशात, आपल्या माणसांकडून घडू शकते, हा विश्वास ज्या थोड्या ठिकाणी प्रथम सिद्ध झाला, त्यांत सातारा रोड होते. वालचंदांनी जे घेतले, त्यात यंत्रांपेक्षा हा विश्वासच अधिक मोलाचा होता.

कूपर यांच्या हातून निसटलेल्या जिल्ह्याने पुढे काय केले, हे सर्वश्रुत आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच खेड्यांतून प्रतिसरकार उभे राहिले. किर्लोस्करवाडीला लागूनच असलेले कुंडल हे त्याचे एक मोठे केंद्र होते. ज्या शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी ब्राह्मणेतर पक्षाच्या सभांना गर्दी केली, त्यांचीच मुले आता इंग्रजी राज्याला न जुमानता गावाचे न्यायनिवाडे करू लागली. एका पिढीत केवढे हे अंतर! राजकीय जागृतीची बीजे सत्यशोधकांनी पेरली, त्यांना खतपाणी ब्राह्मणेतर पक्षाने घातले, आणि पीक मात्र त्या पक्षाच्या पुढाऱ्यांना ओळखेनासे झाले.

१९४७ साली सर धनजीशा वारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. गरिबाच्या मुलाला फीवाचून उच्च शिक्षण देणारे ते कॉलेज होते. पंचवीस वर्षांपूर्वी एका भट्टीपाशी फुटलेल्या दोन वाटा जणू त्या वर्षी पुन्हा एकमेकींसमोर आल्या. सातारा रोडला आजही ओतकाम चालते, साताऱ्यात कूपर हे नाव इंजिनांच्या धंद्यात आजही ऐकू येते, आणि रयत शिक्षण संस्थेच्या शाळा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पसरल्या आहेत. त्या १९३७ च्या मंत्रिमंडळाची आठवण मात्र इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीपुरती उरली आहे.

मुंबई इलाख्याचा पहिला मुख्य प्रधान सातारचा होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, तोही त्याच जुन्या जिल्ह्यातला, १९३७ साली प्रतिपक्षासाठी पायपीट करणारा तो तरुण यशवंतराव. दोघांच्याही मागे कृष्णाकाठचा तोच शेतकरी होता. पहिल्याला तो सोडून गेला आणि दुसऱ्याला त्याने उचलून धरले, याचे कारण एवढेच नव्हे की, एक व्यापारी होता आणि दुसरा शेतकऱ्याचा मुलगा. कूपर यांनी शेतकऱ्याला नांगर दिला, इंजिन दिले, त्याच्या मुलाच्या हाती कसब दिले. परंतु राजकारणात त्यांनी त्याच्याकडून मत घेतले आणि सत्ता मात्र गव्हर्नरच्या हातून घेतली. जे शेतकऱ्याच्या उपयोगी पडले, ते शेतकऱ्याने जतन केले. जे गव्हर्नरने दिले, ते गव्हर्नरच्या सोयीनुसार परत गेले.

म्हणून सर धनजीशांचे मूल्यमापन करताना केवळ त्या साडेतीन महिन्यांकडे बोट दाखवून हसणे योग्य नव्हे, आणि पहिला मुख्य प्रधान म्हणून त्यांची आरती ओवाळणेही योग्य नव्हे. त्यांचे खरे स्मारक पाहावयाचे असेल, तर विधानसभेच्या भिंतीवरील नामावळीत ते शोधू नये. ज्या माळावर एकेकाळी कुसळांखेरीज काही उगवत नव्हते, त्या माळावर लोखंडाचा रस प्रथम ओतणाऱ्या, आणि केसाएवढी चूकही चालत नाही हे शिकलेल्या त्या अनाम हातांत ते आहे. मातीत खोल गेलेला फाळ वर दिसत नाही. पीक मात्र दिसते.